अकरा ऑक्टोबरच्या घुगऱ्या

त्सोनाआजी छापखान्यात आली की आधी उंबऱ्याशी पाय पुसायची आणि मग टेबलावर रुमाल सोडायची. रुमालात तिच्या नवऱ्याचा चेहरा असायचा. लाकडावर ठोकलेला, फोटो छापायचा जस्ताचा ब्लॉक, काडेपेटीपेक्षा जरा मोठा. त्यातला मेतोदी मास्तर चौतीस वर्षांचा होता, मिशी कोरलेली, कॉलर ताठ. एकोणीसशे एक्याऐंशीच्या ऑक्टोबरअखेर ती आली तेव्हा तिची सत्तरी जवळ आली होती आणि मास्तर होता तेवढाच राहिला होता.

"नेहमीसारखं," ती म्हणाली. "वीस प्रती."

आमच्या बल्गेरियात माणूस गेला की काळ्या चौकटीचं पत्रक छापतात आणि दारावर, खांबांवर, झाडांवर चिकटवतात. वर फोटो, खाली नाव, वय, गेल्याची तारीख. चाळीस दिवसांनी पुन्हा चिकटवतात, मग वर्षाने, मग दरवर्षी. आमचं ब्यालोवेत्स म्हणजे दोन चुनखडीच्या टेकड्यांच्या मधे अडकलेलं एवढंसं शहर आणि आजूबाजूची सात खेडी. रस्ता एकच. त्यामुळे पाव आणायला निघालेला माणूससुद्धा रोज आठ-दहा मेलेल्यांना भेटूनच परत यायचा. छापखान्यात शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवणारी मी एकटी, तेव्हा सगळ्या शहराचे मेलेले माझ्या हाताखालून जायचे. त्यांच्या पत्रकात काय लिहायचं हे कुणाला विचारावं लागत नसे. पक्षाच्या कमिटीचा शिक्का फक्त पुस्तकांना लागायचा.

मास्तरच्या पत्रकात तेवढी तारीख नव्हती. तो वाचनालयाचा चिटणीस होता. चव्वेचाळीसच्या शरदात, नवं सरकार येऊन महिना-सव्वा महिना झाला असेल, दोन माणसं त्याला "पाच मिनिटं चौकशीला" म्हणून घेऊन गेली आणि तो परत आलाच नाही. त्या वर्षी असे बरेच जण गेले. विचारायची सोय नव्हती. पुढे कुणीतरी उठवलं की मास्तर सीमेपार पळाला, तिकडे दुसरी बाई केली. विहिरीवरच्या बायका त्सोनाआजीच्या काळ्या ओढणीकडे बघून हसायच्या. नवरा जिवंत असताना कसला गं शोक, असं तोंडावर म्हणायला त्यांनी कमी केलं नाही. ती मात्र दर नोव्हेंबरात, मेलेल्यांच्या शनिवारी, ती वीस पत्रकं लावायची. ज्या मेलेल्यांना स्वतःचा दिवस नाही, त्या सगळ्यांसाठी तो शनिवार; त्यांच्यातच तिने आपला माणूस बसवला होता. थडगं नव्हतं, म्हणून मेणबत्ती दफनभूमीच्या फाटकाशी भिंतीला टेकवून लावायची.

त्या दिवशी ती लगेच गेली नाही. खिडकीच्या गजांमधून बाहेर बघत उभी राहिली आणि म्हणाली, "दाफिना, शहराचं पुस्तक तूच जुळवते आहेस ना? त्यात त्याच्याबद्दल काय लिहिलंय?"

मी म्हटलं, अजून त्या पानापर्यंत पोचले नाही. हे साफ खोटं होतं. राज्याला तेराशे वर्षं झाल्याचा उत्सव चालला होता, त्यासाठी प्रत्येक शहराला आपला इतिहास छापायचा हुकूम होता, आणि आमचा इतिहास शाळेचे मुख्याध्यापक व्लायकोव्ह यांनी लिहिला होता. एकशे बाराव्या पानावर त्यांचं वाक्य होतं: 'वाचनालयाचा तत्कालीन चिटणीस मेतोदी हा चव्वेचाळीसच्या शरदात सीमा ओलांडून पळून गेला.' ते वाक्य मी आदल्याच दिवशी जुळवलं होतं आणि घरी जाऊन निवांत जेवले होते.

"तो गेला हे मला त्याच आठवड्यात कळलं होतं," ती म्हणाली. "बाईला कळतं. कधी गेला तेवढं कुणी सांगावं. तारीख मिळाली तर मी त्याचं करीन काही. चाळीसावा गेला, वर्षं गेली, ते असू दे. एक दिवस तरी त्याचा स्वतःचा हवा. पुस्तकात पळाला म्हणून छापलं की संपलंच, मग माझ्यामागे तो पळालेलाच राहील."

मी शाईचा रूळ पुसत बसले. ती रुमाल घडी करून निघून गेली, ब्लॉक माझ्यापाशी ठेवून.

त्याच आठवड्यात मी पुस्तकाची शेवटची यादी घेतली. सात खेड्यांतले, पहिल्या महायुद्धात पडलेले शिपाई, गाववार, तारखांसह. कंटाळवाणं काम. सोकोलोवो गावाच्या यादीत नाव आलं: इलिया मिंकोव्ह, चुनाभट्टीवाला, मार्च १९१७. हे माझे आजोबा. घरातलं नाव शिशात जुळवताना बरं वाटलं, म्हणून मी ते दोनदा वाचलं. आणि दुसऱ्यांदा वाचताना हात थांबला.

कारण आजोबांचा दिवस आमच्या घरी अकरा ऑक्टोबरला व्हायचा.

मला आठवतं तेव्हापासून आई दर अकरा ऑक्टोबरला गहू शिजवायची. मेलेल्यांच्या नावाने आमच्याकडे घुगऱ्या वाटतात, वर अक्रोडाची पूड आणि साखर. वाटी देणारा नाव सांगतो, घेणारा एक चमचा खाऊन म्हणतो, देव त्याला क्षमा करो. लहानपणापासून वाट्या पोचवायचं काम माझं. आईने सांगितलेलं, आजोबांसाठी म्हणायचं. आणि पहिली वाटी नेहमी एकाच घरी जायची. गल्लीच्या टोकाला, त्सोनाआजीकडे. एकटी आहे बिचारी, असं आई म्हणायची. त्सोनाआजी दारातच उभी राहून खायची, वाटी पार निपटायची आणि म्हणायची, "देव त्याला क्षमा करो. तुझी आई चांगली बाई आहे."

मी दुपारीच घरी गेले. आई मिरच्यांची माळ ओवत होती. मी विचारलं, आजोबा मार्चमध्ये गेले, मग आपण ऑक्टोबरात कुणाचा गहू शिजवतो?

आईने सुई खाली ठेवली नाही. पुढची मिरची ओवली, त्याच्या पुढची ओवली. मला वाटलं ऐकलंच नाही.

"पुस्तकात आहे का तारीख?" तिने विचारलं.

"आहे."

"मला काय माहीत कुणी लिहून ठेवली असेल," ती म्हणाली आणि मग माळ मांडीवर टाकून ओच्याने डोळे पुसायला लागली. मिरचीच्या हाताने डोळे पुसल्यावर काय होणार. मी तिला पाणी दिलं, तोंड धुवायला लावलं, आणि मग तिने ते हळूहळू सांगितलं, जसं काही काल घडलं होतं. माझे वडील तेव्हा सोकोलोवोच्या वरची चुन्याची भट्टी चालवायचे. एकदा पेटवली की ती भट्टी सात दिवस विझवता येत नाही. अकरा ऑक्टोबरच्या दुपारी एक गाडी वर आली. गाडीत गवताखाली चौघे होते, चौघेही मेलेले. तिघे परगावचे. चौथा मेतोदी मास्तर.

"तुझ्या बापाने कुणाला मारलं नाही," आई म्हणाली. "त्याला म्हणाले बाजूला हो, तो बाजूला झाला. म्हणाले लाकूड टाकत राहा, तो टाकत राहिला. दोन वर्षांची तू होतीस घरात. घरी येऊन मला म्हणाला, मास्तरचं कुणीतरी करायला हवं. मी म्हटलं, करीन. पण त्याचं नाव घेऊन कसं करणार? म्हणून तुझ्या आजोबांचं नाव घेतलं. आणि पहिली वाटी तिला. तिच्या तोंडून क्षमा मागून झाली की मास्तरला पोचत असेल ना गं?"

सदतीस वर्षं त्सोनाआजी स्वतःच्या नवऱ्याच्या घुगऱ्या खात होती, नेमक्या त्याच्या दिवशी, आणि लहानपणापासून मी त्या तिला नेऊन देत होते. मला माझ्याच हातांची किळस आली आणि आईची दयाही आली, दोन्ही एकदम.

मी म्हटलं, तिला तारीख हवी आहे आणि पत्रक माझ्या टेबलावर आहे. आई एकदम सावध झाली. म्हणाली, वेडी झालीस का. अकरा ऑक्टोबरला गहू कुठल्या घरातून येतो हे सगळ्या गल्लीला ठाऊक आहे. ती तारीख खांबावर दिसली की लोक दोन मिनिटांत इथे बोट दाखवतील. तुझी नोकरी जाईल, तुझ्या बापाला बोलावणं येईल, आणि तो एकाहत्तर वर्षांचा आहे. एवढं बोलून तिने पुन्हा सुई घेतली.

वडील नेहमीच्या जागी होते, आमच्या फाटकाबाहेरच्या बाकावर, काठी शेजारी टेकवून. भट्टी बंद झाल्यावर ते शेतकी सोसायटीचे रखवालदार झाले होते, आता निवृत्त. ती भट्टी दगड संपल्यामुळे बंद पडली असं व्लायकोव्हांच्या पुस्तकात होतं. दगड आजही तिथे आहे, पाहिजे तेवढा. सोकोलोवोकडे जाणारा चढ आमच्या बाकासमोरूनच सुरू होतो. वडील रोज त्या चढाकडे तोंड करून बसायचे, पण मी त्यांना त्यावर पाऊल टाकताना कधी पाहिलं नव्हतं. गुडघे, असं ते म्हणायचे. दुकानापर्यंत मात्र गुडघे कुरकुरत नसत.

मी शेजारी बसले. आईशी झालेलं सगळं सांगितलं. ते चढाकडे बघत राहिले.

"ती भट्टी मी उघडली नाही," ते म्हणाले. "चुना काढलाच नाही. आहे तसंच आहे सगळं आत. वर माती ओढली."

मी विचारलं, मी काय करू. ते म्हणाले, आई म्हणते तसं कर. मी उठले तेव्हा त्यांनी मागून विचारलं, "किती प्रती लावते ती?"

"वीस."

त्यांनी मान हलवली. मला वाटलं, काहीतरी विचारायचं म्हणून विचारलं.

सहा नोव्हेंबरला, शुक्रवारी, मी मास्तरचं पत्रक जुळवलं. ब्लॉक वर बसवला, खाली नाव, आणि नावाखाली ११ ऑक्टोबर १९४४. एवढेसे खिळे, बोटाच्या दोन पेरांत मावतील. मी ते वाचत उभी राहिले. छापखान्याचा व्यवस्थापक दुसऱ्या दिवशीच्या मिरवणुकीचे फलक मोजत होता, कारण त्या वर्षी मेलेल्यांचा शनिवार नेमका सात नोव्हेंबरला, रशियन क्रांतीच्या सणाला आला होता. सगळं शहर रस्त्यावर येणार होतं. प्रत्येक खांबावर झेंडा लागला होता आणि त्याच खांबांवर त्सोनाआजी तिची पत्रकं लावणार होती. मला चहूबाजूंनी भिंती पुढे सरकाव्यात तसं झालं. तारीख छापली तर बाप बुडतो, नाही छापली तर ती म्हातारी मरेपर्यंत फाटकाशी मेणबत्ती लावत राहते. आणि हे ठरवणारी मी, जी आजवर व्यवस्थापकाला रजा मागतानाही अडखळायची.

मी तारखेचे खिळे काढले आणि एकेक करून परत खणांत टाकले.

एक केलं नाही. खिळे काढले की मोकळी जागा बंद करून खालची ओळ वर घ्यायची असते, ते मी केलं नाही. का, ते मला अजून धड सांगता येत नाही. कदाचित तेवढीच माझी हिंमत होती. नावाखाली एका ओळीची पांढरी जागा तशीच राहिली आणि वीस प्रती छापून झाल्या.

त्सोनाआजी संध्याकाळच्या आत आली. तिने पत्रक हातभर लांब धरून बघितलं.

"इथे जागा सोडलीस," ती म्हणाली.

"नजरचूक झाली, आजी."

"एवढ्या वर्षांत तुझी कधी झाली नाही."

ती माझ्याकडे बघत राहिली. मी ब्लॉक रुमालात बांधून दिला, गाठ नको तेवढी घट्ट मारली. ती गोंदाचा डबा आणि पत्रकं घेऊन बाहेर पडली, आणि मी गजांमधून तिला पहिल्या खांबाशी उभी राहिलेली पाहिलं.

शनिवारी सकाळी आई लवकर उठून दफनभूमीत गेली. वडील घरात नव्हते. मला त्याचं नवल वाटलं, पण छापखान्याच्या लोकांना आठ वाजता शाळेसमोर जमायचं होतं, म्हणून मी निघाले. शाळेपर्यंत पोचेतो चार खांब लागतात. पहिल्या खांबाशी दोन बायका थांबल्या होत्या. दुसऱ्याशी पाच-सहा माणसं. बँड वाजत होता, पण मिरवणुकीचं पुढचं टोक काही केल्या सरकत नव्हतं, कारण लोक रांगा सोडून पत्रकं वाचत होते.

मी वाकून बघितलं. मास्तरच्या नावाखाली, मी सोडलेल्या त्या पांढऱ्या जागेत, जांभळ्या पेन्सिलीने लिहिलं होतं: ११ ऑक्टोबर १९४४. अक्षर कापरं आणि मोठं, आकडे जागेबाहेर गेलेले. पुढच्या खांबावर तेच. त्याच्या पुढच्यावर तेच. जिभेवर ओली करून लिहायची ती पेन्सिल सोसायटीच्या रखवालदाराच्या खिशात वीस वर्षं होती. मी तिला चांगली ओळखत होते.

पावाच्या दुकानातली बाई बोटांवर काहीतरी मोजत होती. मग तिने शेजारणीला विचारलं की अकरा ऑक्टोबरला गहू कुणाकडून येतो गं. शेजारणीने उत्तर दिलं नाही, कारण मी समोर उभी होते. एकेक करून माना माझ्याकडे वळल्या. मुख्याध्यापक व्लायकोव्ह हातात फलक धरून उभे होते. त्यांनीही वाचलं होतं. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता आणि फलक हळूहळू कलत चालला होता.

मी मागे फिरले. मिरवणूक सोडून जाणं म्हणजे काय हे ठाऊक असून फिरले. सगळा रस्ता माझ्या पाठीवर डोळे लागले होते. घर दिसलं तेव्हा वडील बाकावर बसलेले होते, सणाचा कोट घालून. ओठ आणि जीभ जांभळी झाली होती, चोरून तुतीची फळं खाल्लेल्या पोरासारखी. मी त्यांच्या शेजारी बसले. आमच्या फाटकावरही एक पत्रक होतं. त्यावर त्यांनी सगळ्यात नीट अक्षर काढलं होतं.

"मला वाटलं होतं लोकांना कळायला जास्त वेळ लागेल," ते म्हणाले.

दफनभूमीकडून आई आली, तिच्यामागे दहा पावलांवर त्सोनाआजी. आई फाटकाशी थांबली आणि खांबाला धरून उभी राहिली. त्सोनाआजीच्या हातात वाटी होती. ती वडिलांसमोर येऊन उभी राहिली. एवढी बुटकी बाई की ते बसलेले असूनही दोघांचे डोळे समोरासमोर आले. मला वाटलं ती थुंकेल. मला वाटलं वाटी तोंडावर मारेल, आणि तिने मारली असती तर मी आडवी गेले नसते.

"मिंको," ती म्हणाली, "सदतीस वर्षं मी तुझ्या घरचं खाल्लं. आज तू माझ्या घरचं खा. मेतोदीसाठी."

वडिलांनी वाटी घेतली. चमचा दातांवर वाजत होता. एक चमचा खाल्ला तरी चालतं, रीत तेवढीच आहे, पण त्यांनी सगळी वाटी संपवली, दाणा दाणा, आणि ती संपेपर्यंत ती हलली नाही. मग त्यांनी म्हणायचं होतं ते म्हटलं, देव त्याला क्षमा करो, आणि म्हणताना रडले. मी माझ्या बापाला रडताना तेव्हाच पाहिलं.

त्सोनाआजीने रिकामी वाटी ओच्यात घातली.

"आता दाखव, कुठे आहे तो," ती म्हणाली.

पुढे काय काय झालं ते थोडक्यात सांगते. वडिलांना दोनदा बोलावणं आलं आणि दोन्ही वेळा घरी सोडलं, कारण तारीख लिहिल्याचा गुन्हा लावायचा तर तारीख खरी आहे हे आधी मान्य करावं लागलं असतं. मला खिळ्यांवरून काढून गोदामात टाकलं. पुस्तक निघालं, एकशे बाराव्या पानावर ते वाक्य अजूनही आहे. पुढच्या वर्षीच्या ऑक्टोबरात मास्तरचं पत्रक दुसऱ्या जुळाऱ्याने छापलं. त्यात तारीख होती, आणि त्याला कुणी अडवलं नाही.

पण मला आठवतो तो त्या सकाळचा चढ. वडील बाकावरून उठले, कोटाची बटणं लावली आणि सोकोलोवोच्या रस्त्याला लागले. त्सोनाआजी त्यांच्या शेजारून चालत होती, त्यांना धरत नव्हती आणि मागेही पडत नव्हती. खालून बँड ऐकू येत होता. ते पहिल्या वळणाशी पोचल्यावर माझ्या लक्षात आलं की वडिलांची काठी बाकालाच टेकून राहिली आहे. मी ती उचलली आणि त्यांच्या मागे चढायला लागले.